आनंदरावांचा हात

इंदोरा चौकातून कामठी रोड सोडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत टिनाची एक शेड होती. तिच्यावर निळ्या रंगात ‘आनंद ऑटो’ असं रंगवलेलं होतं. शेडमध्ये दोन बाकं, टायरच्या ट्यूब टांगलेली खुंटी, बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली लोखंडी खुर्चीत आनंदराव. उजवा हात पँटच्या खिशात, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि जिभेवर गोष्ट. गाडी बिघडलेला माणूस तिथे चिडून यायचा आणि हसत जायचा.

आनंदरावांची एक रीत सगळ्या उत्तर नागपुरात माहीत होती. ते गिऱ्हाइकासमोर इंजिन उघडत नसत. गाडी शेडच्या बाजूच्या अरुंद बोळातून मागच्या अंगणात जायची, बोळाच्या तोंडावर पोत्याचा पडदा पडायचा आणि संध्याकाळी गाडी तयार होऊन बाहेर यायची. “रस्त्याची धूळ इंजिनात गेली का संपलं,” असं आनंदराव सांगत. ते खोटंही नव्हतं. पण कामठीच्या छावणीतले बुलेटवाले शिपाई म्हणत, “उस्ताद आहे गा तो. उस्ताद आपली विद्या दाखवत नसतो.” आनंदराव यावर नुसते हसायचे.

पडद्यामागे, अंगणात, कडुलिंबाच्या सावलीला पालथ्या घमेल्यावर बसून इंजिन उघडायची ती कौसल्या. त्यांची बायको.

हे ठरवून झालेलं नव्हतं. ब्याऐंशी साली एका गाडीची ट्रायल घेताना आनंदराव ऑटोमोटिव्ह चौकाजवळ रेतीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर आणि अंगणात चार गाड्या उघड्या पडलेल्या. आनंदराव खाटेवरून सांगायचे आणि कौसल्या करायची. तिला फार सांगावं लागलं नाही. तिचा बाप अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. रविवारी घरी सायकली दुरुस्त करायचा, तेव्हा पाना-पक्कड हातात द्यायला कौसल्याच असे. कोणत्या नटाला कोणता पाना, हे ती दुरून पाहून सांगायची.

प्लास्टर निघालं, पण हात परत आला नाही. बोटं अर्धी मिटायची आणि थांबायची. आनंदराव जेवू शकत, केस विंचरू शकत. पाना मात्र बोटांतून गळून पडायचा. त्या दिवसांत एक हवालदार आपली बुलेट घ्यायला आला. चौकापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, “आनंदराव, लय दिवसांनी गाडीले हात लागला तुमचा. असा हात नागपुरात दुसऱ्याचा नाही.” आनंदराव हसले. कौसल्या पडद्यामागे उभी होती. तिला वाटलं, आता सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. मग दुसऱ्यालाही सांगितलं नाही, तिसऱ्यालाही नाही; आणि सांगायचं राहून गेलेली गोष्ट हळूहळू लपवायची गोष्ट झाली.

कौसल्याचं आयुष्य त्या अंगणाच्या मापाचं झालं. सकाळी दोघी पोरींच्या वेण्या घालून त्यांना शाळेत धाडायचं, भाकरी टाकायच्या, बांगड्या काढून साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या आणि घमेल्यावर बसायचं. कुणी बोळापर्यंत आलंच तर बाजूला राखेची परात आणि खरकटी भांडी तयार असत. पाना खाली ठेवून भांडं उचललं की झालं. बाई भांडी घासते आहे, यात कुणाला काय दिसणार? सांज झाली की गाडी बोळातून बाहेर जायची. गिऱ्हाईक किक मारायचं आणि कौसल्या हातातलं काम थांबवून ऐकायची. पहिला गिअर, दुसरा गिअर, चौकाजवळ तिसरा. चौकात ट्रकांचे आवाज सुरू व्हायचे आणि गाडी त्यात बुडून जायची. ती पुढे कशी चालली, चढावर कशी ओढते, गरम झाल्यावर आवाज करते का, हे तिला कधी कळलं नाही.

आणि तिला तेच कळायला हवं होतं. नाव नको होतं, पाटीवर बदल नको होता. गिऱ्हाइकाला समोरासमोर दोन प्रश्न विचारता यावेत, एवढंच. कारण आनंदराव गाडीचं दुखणं ऐकून घेताना गोष्टींत रमायचे आणि आत येईपर्यंत दुखण्याचं भलतंच काही होऊन जायचं. एकदा क्लचची तक्रार त्यांनी ब्रेकची म्हणून आत आणली होती. गाडी दुसऱ्या दिवशी परत आली, तेव्हा आनंदराव माणसासमोर म्हणाले, “माझीच नजर चुकली गा.” आणि आत येऊन कौसल्याशी दिवसभर बोलले नाहीत.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, पोरी सुटीला आजोळी गेलेल्या असताना, मधुसूदन आला.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे औषधांच्या बॅगा घेऊन फिरणारा तो एका कंपनीचा प्रतिनिधी होता. तिशीतला, घामाने भिजलेला टाय सैल केलेला, बोलायला गोड. त्याच्याकडे तेव्हा नवीनच निघालेली जपानी इंजिनाची गाडी होती. इंजिन सुरू केलं की डाव्या बाजूने खरखर यायची, कुणी टिनाच्या डब्यात हरभरे हलवावेत तशी.

“टायमिंग चेन गेली म्हणतात,” मधुसूदन म्हणाला. “नवी चेन मी पुण्याहून मागवून आणलीय. फक्त बसवायची आहे. पण आनंदराव, एक सांगतो. मागं एकानं माझा नवा कार्बोरेटर काढून जुना बसवला होता. तेव्हापासून मी गाडी सोडून जात नाही. इथंच बसतो.”

“बसा ना! घर तुमचंच आहे,” आनंदराव म्हणाले. “फक्त इंजिन आत उघडीन. माझी रीत आहे ते.”

“ऐकलंय मी तुमच्या रीतीबद्दल. तुमची रीत तुम्ही पाळा, माझी मी पाळतो.”

गाडी अंगणात आली तेव्हा कौसल्याने तिच्याभोवती एक फेरी मारली. असं एक इंजिन तिने पूर्वी उघडलं होतं, तेल गळत होतं म्हणून. पण ती साखळी काढण्याची वेळ आली नव्हती. बुलेटला असली साखळी नसते, राजदूत-येझदीला तर झडपाच नसतात. या इंजिनात खालचा दांडा पिस्टनला वर-खाली करतो आणि वरचा दांडा झडपा उघडतो, आणि त्या दोघांना बांधून ठेवते ती ही बारीक साखळी. एका दात्याची चूक झाली तरी झडप आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग इंजिन गेलं.

“हे झालं नीट,” ती हळूच म्हणाली, “तर या माणसाले सांगा.”

“काय सांगू?”

“मी केलं म्हणून. शिकलेला माणूस आहे. हसणार नाही तो.”

आनंदरावांनी बोळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “काहून आजच?”

“पाच वर्षं झाली. कधीतरी सांगायचंच आहे ना?”

ते खर्रा थुंकून आले. “हाव. सांगतो,” ते म्हणाले. “झालं नीट तर सांगतो. तुयी शपथ.”

गिऱ्हाईक शेडमध्ये बसून असलं की आनंदरावांना आत बसावं लागायचं. ते कौसल्याशेजारी उलट्या बादलीवर बसले. मध्येच डावा हात जळक्या तेलात बुडवून, चिंधीला पुसत पुसत बाहेर जायचे, “उघडलं बरं का, चेन पार लोंबली आहे,” असं सांगून यायचे. मधुसूदन त्यांना एखादा विनोद ऐकवायचा. त्यांचं हसणं आत ऐकू यायचं.

अंगणात ऊन भिंतीवरून खाली उतरत चाललं होतं. कडुलिंबाची सावली कौसल्याच्या पायांपासून सरकून विहिरीकडे गेली, पण इंजिन उघडल्यावर जागा हलवता येत नाही. तिने डावीकडचं झाकण काढलं, पुलर लावून मॅग्नेटचं चाक ओढून काढलं. वरच्या दांड्यावरच्या, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या दात्याला आणि त्याच्या समोरच्या इंजिनाच्या काठाला तिने नवऱ्याच्या खर्ऱ्यातला चुना बोटाने लावून खूण केली. ही तिची नेहमीची पद्धत. पांढरी खूण काळ्या लोखंडावर लगेच दिसते. मग जुनी साखळी निघाली. ती हातात धरली तर मधोमध वाकून लोंबली.

नवी साखळी तिने खालच्या दांड्यावर चढवली आणि तारेचा आकडा घालून इंजिनाच्या पोटातून वर ओढून घेतली. आता एका हाताने तार ताणून धरायची, दुसऱ्या हाताने चक्र बसवायचं. तार सुटली तर साखळी पोटात.

तेवढ्यात बोळात चपलांचा आवाज आला.

“आनंदराव! शेडमध्ये भट्टी झालीय हो. जरा लिंबाखाली येऊ का?”

कौसल्याची नजर भांड्यांकडे गेली. परात चार पावलांवर होती. ती उठली असती तर साखळी गेली असती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आनंदराव बादलीवरून उठले, तिला खांद्याने बाजूला सारून घमेल्यावर बसले आणि तिच्या हातातून तार घेतली. घाईत घेतली ती उजव्या हाताने.

बोटं मिटली नाहीत. तार सुळकन निसटली आणि साखळी आत उतरताना बारीक खळखळाट झाला.

पडदा सरकला. मधुसूदनला दिसलं ते असं: इंजिनासमोर घमेल्यावर आनंदराव, आणि बाजूला टॉर्च हातात घेऊन उभी असलेली एक बाई. टॉर्च कौसल्याने कधी उचलला, हे तिलाही आठवलं नाही.

“वहिनींना पण कामाला लावलंत का?” मधुसूदन हसत म्हणाला.

“उजेड दाखवून राहिली,” आनंदराव म्हणाले.

“छान. करा, करा. मी काही बोलत नाही.” आणि तो लिंबाखालच्या खाटेवर टेकला. चपला काढून, पाय वर घेऊन. तो आता उठणार नव्हता.

भिंतीपलीकडे शेजारच्या यमुताई वाळवणावरच्या कावळ्यांना हाकलत होत्या, तेवढाच आवाज. आनंदरावांनी डाव्या हाताने पाना उचलला, इंजिनावर इकडे तिकडे टेकवला, खाली ठेवला. मग चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि काहीतरी करायचं म्हणून चक्राचे दाते आणि समोरचा इंजिनाचा काठ पुसू लागले. लख्ख पुसले. कौसल्या पाहत होती. चुन्याच्या दोन्ही पांढऱ्या खुणा चिंधीला लागून निघून गेल्या.

पाना पुन्हा त्यांनी उजव्या हातात घेतला. तो फरशीवर पडला. मधुसूदनने खाटेवरून वाकून तो उचलून दिला आणि देताना त्याची नजर त्या हातावर थांबली. अर्धवट मिटलेली बोटं, मनगटावरची ओबडधोबड गाठ. त्याने ती लगेच काढून घेतली. तो खरंच सभ्य माणूस होता.

कौसल्याला वाटलं, झालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. आता हे मान वर करतील आणि सांगतील. सकाळी शपथ घेतली होती त्यांनी. टॉर्चचा उजेड तिने मुद्दाम इंजिनावरून काढला आणि जमिनीवर धरला, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

आनंदरावांनी मान वर केली. घसा खाकरला.

“त्याचं असं आहे साहेब,” ते म्हणाले, “चेन आत पडली. ते काढायले बारीक हात पाहिजे. माया हात हा असा. हिचा हात बारीक आहे.” आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, “कौसल्ये, बस वं इथं. मी सांगतो तसं कर.”

ती घमेल्यावर बसली. टॉर्च आनंदरावांनी घेतला. पाच वर्षांत पहिल्यांदा ती परक्या माणसासमोर इंजिनावर वाकली होती. त्या क्षणाचं तिने पुष्कळदा चित्र रंगवलं होतं. त्या चित्रात कानामागून येणारा हा आवाज नव्हता.

“तार घाल आत,” आवाज म्हणाला. ती तार आधीच घालत होती. “हळू. आता डावीकडं फिरव.” ती उजवीकडे फिरवत होती, कारण साखळी उजवीकडे होती. “हाव, तसंच,” आवाज म्हणाला. आकडा साखळीत अडकला, वर ओढताना कडीच्या टोकाने तिच्या बोटाला चिरलं. रक्त तेलात मिसळून काळं झालं. साखळी वर आली.

“शाबास!” मधुसूदन म्हणाला. आनंदरावांना.

खरी अडचण आता होती. खुणा गेल्या होत्या. चक्र साखळीत कोणत्या दात्यावर बसवायचं, हे कळायला काही नव्हतं. कौसल्या थांबली. तिला विचार करायला दोन मिनिटं शांतता हवी होती. तेवढीही नव्हती.

“चढव चक्र,” आनंदराव म्हणाले. “बोल्ट लाव अन् किक मारून पाहू.”

तिचे हात जागच्या जागी राहिले. अंदाजाने चक्र चढवायचं आणि किक मारायची म्हणजे झडप वाकवून ठेवायची. हे त्यांनाही माहीत होतं. एके काळी त्यांनीच हे हजार वेळा सांगितलं असेल. पण आता ते इंजिनाकडे पाहत नव्हते. खाटेवरच्या माणसाकडे पाहत होते.

“अवं, चढव ना! काय पाहून राहिली?”

नाही म्हटलं, तर त्या माणसासमोर नवऱ्याचं तोंड पडतं. हो म्हटलं, तर इंजिन जातं. आणि इंजिन गेलं तर म्हणतील, बाईच्या हातात दिलं होतं. कौसल्याने चक्र मांडीवर ठेवलं. विहिरीजवळ खराटा पडला होता, त्याकडे तिची नजर गेली.

“अहो,” ती म्हणाली. आवाज शक्य तितका खाली आणला. “आधी काडी घालून पाहू का?”

आनंदरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर आल्यासारखं झालं. “हाव, तेच म्हणून राहिलो मी. काडी घाल आधी. साहेब, पाहा आता. प्लगच्या भोकातून खराट्याची काडी घालायची. पिस्टन वर आला का काडी वर येते. ही जुनी विद्या आहे.”

“वा,” मधुसूदन खाटेवरून पुढे सरकला.

तिने काडी घातली. मॅग्नेटचं चाक तात्पुरतं बसवून हाताने हळूहळू फिरवलं. काडी वर आली, थांबली, खाली जाऊ लागली; तिने चाक किंचित मागे घेऊन काडी परत थांबण्याच्या जागी आणली. खालचं जमलं. आता वरचं. झडपा दाबणारे पट्टे बोटाने हलवून पाहिले, दोन्ही सैल. म्हणजे दोन्ही झडपा बंद. पण इथे अंदाज चालत नाही, एक दाता इकडे की तिकडे, ते नेमकं ठरवायला हवं. इतकं नाजूक इंजिन बनवणाऱ्यांनी कुठेतरी खूण ठेवलीच असणार.

“अहो, चक्र राखेनं घासू का? काळं झालं आहे.”

“घास ना. घाण ठेवायची नाही.”

भांड्यांसाठी ठेवलेल्या परातीतली राख तिने घेतली. पाच वर्षं ती परात नुसती सोंगासाठी होती. राख आणि रॉकेल लावून, नारळाच्या शेंडीने तिने चक्र घासलं. जळालेल्या तेलाचा तपकिरी थर सुटला आणि काठाजवळ तिळाएवढा एक गोल खड्डा उघडा पडला. तिने अंगठ्याने तो चाचपला. तिला ओरडावंसं वाटलं. तिने तसं केलं नाही.

“अहो, हा ठिपका या समोरच्या काठावरच्या रेघेसमोर आणायचा का?”

“मग? कायले असते तो ठिपका?” आनंदराव म्हणाले. “साहेब, कंपनीची खूण असते ती. लोक पाहतच नाहीत.”

चक्र बसलं. बोल्ट कसले. तिने मॅग्नेटचं चाक दोनदा पूर्ण फिरवलं, अगदी सावकाश, कुठे अडतं का ते हाताला विचारत. अडलं नाही. ठिपका फिरून परत रेघेसमोर आला. तिने झाकणं लावली, तेल भरलं.

“किक मारा साहेब,” आनंदराव म्हणाले.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. खरखर गेली होती. शिवणयंत्राच्या चाकासारखा बारीक, एकसारखा आवाज अंगणाच्या चारी भिंतींना लागून परत येत होता. मधुसूदन लहान मुलासारखा हसला. “मानलं! आनंदराव, मानलं तुम्हाला. हात गेला तर बायकोचा हात तयार केलात. कुठला नवरा एवढं शिकवतो?”

मग तो कौसल्याकडे वळला. त्याने तिच्या चिरलेल्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. हसू थोडं कमी झालं. इंजिन बंद करून तो म्हणाला, “वहिनी, खरं सांगा. हे सगळं तुम्हाला येत होतं ना?”

त्याने विचारलं ते मनापासून होतं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. कौसल्याने त्याच्या खांद्यावरून आनंदरावांकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात खिशात घातला होता. ते तिच्याकडे पाहत नव्हते, टॉर्च बंद करण्याचा प्रयत्न करत होते. भर दुपारी तो अजून चालूच होता आणि डाव्या अंगठ्याने त्यांना त्याचं बटण सापडत नव्हतं.

“मले कायचं येते,” कौसल्या म्हणाली. “हे सांगतात तसं करते.”

मधुसूदनने गाडीचं हँडल धरलं. “बरं,” तो म्हणाला.

त्याने बोळातून गाडी बाहेर काढली. पहिला गिअर, दुसरा, चौकाजवळ तिसरा. मग ट्रकांचे आवाज.

आनंदराव टॉर्च बंद करून आत ठेवून आले. तिच्या बोटाला बांधायला त्यांनी धोतराची जुनी पट्टी आणली होती. डाव्या हाताने गाठ मारता येईना, म्हणून तिने दुसरं टोक दातात धरलं. “सांगणार होतो मी,” ते म्हणाले. तिच्या दातात पट्टी होती.

मधुसूदनने ती गोष्ट जिथे जाईल तिथे सांगितली, आणि चांगलीच सांगितली. मेडिकल कॉलेजच्या कँटीनमध्ये, औषधांच्या दुकानांत, त्याच्यासारखेच बॅगा घेऊन फिरणाऱ्या मित्रांत. इंदोऱ्याला एक उस्ताद आहे, हात गेला तरी हरला नाही, बायकोला शिकवून तयार केलं, स्वतः शेजारी बसून सांगतो. पावसाळा संपेपर्यंत त्या नव्या गाड्यांची रांग लागू लागली. पोत्याचा पडदा निघाला. आता लपवायचं काही नव्हतं. कौसल्याचं घमेलं अंगणातून पुढे शेडमध्ये आलं, आनंदरावांच्या खुर्चीशेजारी. माणसं मुद्दाम बघायला थांबत. एकदा तर रिझर्व्ह बँक चौकातल्या कुठल्याशा मंडळाने आनंदरावांना शाल आणि नारळ दिला. त्यांनी घरी येऊन शाल कौसल्याच्या खांद्यावर घातली. तिने ती घडी करून पेटीत ठेवली, उन्हाळा होता.

ती आता गिऱ्हाइकाला समोरासमोर दिसत होती. प्रश्नही विचारायची. “अहो, यायले विचारा ना, आवाज थंड असताना येते का गरम झाल्यावर?” गिऱ्हाईक आनंदरावांकडे वळून उत्तर द्यायचं. आनंदराव मान डोलवायचे. पूर्वी तिला फक्त लपावं लागत होतं. आता प्रत्येक गोष्ट विचारावी लागायची. जे माहीत आहे ते न माहीत असल्यासारखं, आवाज खाली ठेवून, शेवटी एक ‘का’ लावून. हा बोल्ट आधी काढू का. इथं तेल लावू का. पोरी मोठ्या होत होत्या. त्या शाळेतून येऊन दप्तर टाकताना हे रोज ऐकायच्या. धाकटी एकदा तिची नक्कल करून म्हणाली, “आई, पोळी उलटवू का?” आणि सगळे हसले, कौसल्याही.

आनंदराव वाईट नव्हते. ते तिच्यासाठी टेबल फॅन आणत, बोटांना लावायला व्हॅसलीन आणत, आणि गर्दी नसली की म्हणत, “थकली का वं? राहू दे, उद्या कर.” आपण सांगतो आणि ती करते, हे इतक्या वेळा सांगून झालं होतं की त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. कधी कधी ते खरोखर सांगायचे. कधी चुकीचं सांगायचे. तेव्हा ती ‘का’ लावून बरोबर करून घ्यायची.

काही वर्षांनी एका दुपारी आनंदराव कामठीला मयतीला गेले होते. पोरी कॉलेजात. गल्ली उन्हात सुन्न पडली होती, शेडमध्ये कुणी नव्हतं. बाकावर एक इंजिन उघडून ठेवलेलं होतं. तेच जपानी, तीच खरखर. कौसल्या घमेल्यावर बसली. जुनी साखळी काढली, नवी घातली, तार ताणून धरली. चक्रावरचा ठिपका तिने न पाहताच अंगठ्याने शोधला. सगळं तिच्या हातात होतं आणि तिला घाई करणारं, थांबवणारं, बघणारं आसपास कुणी नव्हतं. अशी दुपार मिळावी, असं तिला किती दिवस वाटत आलं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “आधी काडी घालून पाहू का?”

तार हातात ताणलेली. लोखंडी खुर्ची रिकामी. कौसल्या उत्तराची वाट पाहत तशीच बसून राहिली.